गाविलगड आणि नरनाळा: मुंबईहून तीन दिवसांत, आईला घेऊन

बोरिवली_पूर्व

नमस्कार मंडळी. मेळघाटातले गाविलगड आणि नरनाळा एकाच फेरीत करायचे आहेत. शुक्रवारी रात्री मुंबईहून निघून मंगळवारी सकाळी परत, म्हणजे हातात शनिवार ते सोमवार. आम्ही चौघं: मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि आई, वय ६४. आई सपाटीवर तासभर आरामात चालते, पण उंच पायऱ्या उतरताना गुडघे दुखतात.

अकोल्याला उतरून आधी नरनाळा करावा की थेट अमरावतीला जाऊन चिखलदरा गाठावं? ऑक्टोबरात सगळं हिरवं असतं म्हणून तेव्हा जायचा मोह होतोय, चालेल का? आणि आत नेमकं काय शोधायचं? फोटोंत दरवाजे, तलाव, राणीमहाल दिसतात, पण कुठलं कुठल्या किल्ल्यावर हेच कळत नाही. वन खात्याच्या परवानगीचंही सांगा. सह्याद्रीतले किल्ले केलेत, वाघाच्या जंगलातला किल्ला पहिल्यांदाच.

---

वऱ्हाडवाट

आधी नरनाळा. कारण साधं आहे: नरनाळ्यावर गाडी वरपर्यंत जाते, गाविलगड मात्र पायांनीच फिरावा लागतो. रात्रभर ट्रेनमध्ये अवघडलेल्या अंगाने पहिल्याच दिवशी गाविलगड घेतला तर तो अर्धाच होतो.

असं बसवा:

शुक्रवार संध्याकाळ: सीएसएमटीहून अमरावती एक्सप्रेस किंवा विदर्भ एक्सप्रेस. दोन्ही ठाणे, कल्याण घेतात. बोरिवलीहून दादरला जाण्यात फायदा नाही, सरळ ठाण्याला गाठा. तिकीट अकोल्यापर्यंत काढा. गाडी अकोल्याला पहाटे अंधारात पोचते, शेगाव गेलं की आवरायला घ्या.

शनिवार: अकोल्यात तीन दिवसांसाठी गाडी ठरवून ठेवा आणि ती सोमवारी अमरावतीला सोडेल असं आधीच बोलून घ्या. हे बोलायचं राहिलं की शेवटी रिकाम्या परतीच्या भाड्यावरून वाद होतो. अकोला ते अकोट ४५ किमी. अकोटला चहा-नाश्ता, पाण्याचे कॅन आणि दुपारचा डबा घ्या, पुढे काही मिळेल या भरवशावर राहू नका. अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूर, तिथे वन खात्याचं नाकं. माणसांची आणि गाडीची नोंद होते, शुल्क भरायचं, ओळखपत्र लागतं. रोख पैसे सुट्ट्या नोटांत ठेवा, ऑनलाइन पैसे भरायला तिथे नेटवर्क मिळेलच असं नाही. किल्ला अभयारण्याच्या हद्दीत असल्यामुळे वर मुक्काम नाही आणि संध्याकाळच्या आत खाली यावंच लागतं. प्रवेशाच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात अकोट वन्यजीव विभागाकडे फोन करून खात्री करा. सकाळी साडेआठ-नऊला नाक्यावर असाल तर दुपारी एकपर्यंत नरनाळा नीट बघून होतो.

मग अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा, धामणगाव गढी, चिखलदरा. साधारण तीन तास धरा. परतवाड्यात पेट्रोल भरून घ्या आणि घाट उजेडात चढा. डिसेंबरात सव्वासहालाच अंधारतं, तेव्हा परतवाडा साडेचारच्या आत सोडायचं.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. मोबाईलच्या नकाशात नरनाळ्याहून जंगलातून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटा दिसतात आणि चिखलदरा जवळ वाटतं. त्या व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातल्या वाटा आहेत, पर्यटकांच्या गाड्यांसाठी नाहीत. ड्रायव्हरने 'शॉर्टकट' म्हटलं तरी नको.

रविवार: पूर्ण गाविलगड. सोमवार: सकाळी अचलपूर, दुपारी अमरावती, संध्याकाळची अमरावती एक्सप्रेस.

२६ जानेवारी किंवा नाताळला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळा. अमरावती, अकोला, नागपूर सगळं चिखलदऱ्यात लोटतं आणि घाटात गाड्या अडकतात.

---

रानफूल

महिन्याचं मी सांगते. ऑक्टोबर नको, ताई. हिरवं दिसतं ते खरं, पण त्या हिरव्यात किल्लाच दिसत नाही. पावसाळ्यात वाढलेलं गवत गाविलगडावर छातीएवढं असतं. त्यात पायवाट बुजते आणि टाक्यांच्या, तलावांच्या कडा झाकल्या जातात. ढासळलेल्या भिंतीचे दगड गवताखाली असतात, पाऊल त्यांच्या फटीत जातं आणि घोटा मुरगळतो. शिवाय गोचीड. ऑक्टोबरच्या शेवटी गवत वाळायला लागलं की कुसळं, ती मोज्यात शिरली की दिवसभर टोचतात.

डिसेंबरचा पहिला आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा खरा काळ. गवत बसलेलं असतं, हवा स्वच्छ असते आणि पानगळ सुरू झाल्याने तटाची रेघ दुरून ओळखू येते. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे, रात्री कडक थंडी पडते. मुंबईच्या पातळ स्वेटरवर निभावणार नाही, आईंना कानटोपी आणि पायमोजे हवेतच. मार्चपासून मोह फुलतो, तेव्हा पहाटे अस्वलं मोहाखाली असतात, आणि वणव्याचाही काळ सुरू होतो.

आता प्राण्यांचं. सगळे वाघाला घाबरतात, पण पायी चालणाऱ्याला जास्त धोका अस्वलाचा. त्याला फारसं दिसत नाही, खाण्यात गुंग असलं की ऐकूही येत नाही, आणि अचानक समोर माणूस आला की ते दचकून अंगावर येतं. म्हणून गाविलगडावर सकाळी सातच्या आधी शिरू नका, बोलत-बोलत चाला, आणि मुलाला वळणाच्या पुढे एकटं धावू देऊ नका. पडक्या इमारतींच्या अंधाऱ्या खोल्यांत थेट घुसायचं नाही. आधी बाहेरून काठी आपटायची, टॉर्च मारायचा.

त्याहून मोठा धोका आग्या मोहोळाचा. जुन्या दरवाज्यांच्या उंच कमानी त्यांना फार आवडतात. कमानीखाली शिरण्याआधी वर बघायची सवय लावा: काळपट, अर्धचंद्रासारखा लोंबणारा पट्टा दिसला, आणि त्यावर लाटेसारखी थरथर जात असेल, तर कमानीखाली न शिरता मुकाट्याने मागे फिरा. अत्तर, बॉडी स्प्रे, सिगारेट, शिट्ट्या, ड्रोन यातलं काहीही त्यांना उठवतं. उठल्याच तर ओढणी किंवा जर्किन डोक्यावर घेऊन सरळ पळत सुटायचं, हात झटकायचे नाहीत, तलावात उडी तर मुळीच नाही. काटा नखाने, कार्डाने किंवा चिमटीने, जसा जमेल तसा, पण लगेच काढा.  दहा-पंधराच्या वर डंख असतील किंवा श्वास लागत असेल तर लगेच दवाखाना.

पाणी: गाविलगडावर माणशी अडीच लिटर. आत टपरी नाही आणि तलावांचं पाणी पिण्याजोगं नाही.

---

दगडचुना

आत काय शोधायचं, यावर थोडं सविस्तर लिहितो. हे दोन किल्ले एकमेकांशेजारी ठेवून पाहिले तरच कळतात. दोन्हींच्या अंगावर एकाच माणसाच्या खुणा आहेत.

तो माणूस फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क. बहमनी राज्याचा वऱ्हाडचा सुभेदार, १४९० मध्ये स्वतंत्र झाला आणि इमादशाही सुरू केली. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की तो मूळचा विजयनगरच्या मुलखातला हिंदू, लहानपणी लढाईत पकडला गेलेला. हे लक्षात ठेवून गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यासमोर उभे राहा. गाविलगड बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५ मध्ये बांधून काढला, आणि १४८८ मध्ये फतेहउल्लाने त्याची डागडुजी केली. या दरवाज्यावर गंडभेरुंड कोरलेला आहे: दोन डोक्यांचा पक्षी, हत्तींना पकडून धरलेला. सोबत सिंह आणि खजुराची झाडं. गंडभेरुंड हे दक्षिणेकडचं, कन्नड मुलखातलं राजचिन्ह. वऱ्हाडच्या टोकाला, सातपुड्याच्या जंगलात ते कसं आलं, याचं उत्तर बहुधा त्या माणसाच्या जन्मात आहे.

हे शिल्प दुपारी बघू नका. समोरून ऊन पडलं की उठाव सपाट दिसतो. सकाळचा तिरपा उजेड हवा. सावलीतलं खालचं कोरीवकाम बघायचं असेल तर टॉर्च समोरून मारायचा नाही. दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा, प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत गेला पाहिजे. मग झिजलेली नखं, पिसांच्या रेघा, हत्तीची सोंड एकेक करून वर येतात. शिलालेखाच्या अक्षरांनाही हेच. फोटो उठून यावा म्हणून अक्षरांत खडू, पीठ, तेल, पाणी काहीही भरू नका. खडू भोकांत बसतो, पावसात आत मुरतो आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. दोन्ही किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहेत. नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नरनाळ्यावर जीव ओतून बघायची गोष्ट म्हणजे महाकाली दरवाजा, १४८७ चा, त्याच फतेहउल्लाच्या काळातला. पांढुरक्या वालुकाश्माचा. सह्याद्रीत काळा बेसॉल्ट बघून सरावलेल्या डोळ्यांना हा रंगच नवा वाटतो. वालुकाश्म मऊ, म्हणून इतकं नाजूक काम शक्य झालं: कमळं, अरबी लेखाची पट्टी, बाजूला पुढे आलेले सज्जे आणि त्यांच्या दगडी जाळ्या. जाळ्यांच्या नक्ष्या निरनिराळ्या आहेत. मुलाला सांगा, एकसारख्या दोन जाळ्या शोधून दाखव. अर्धा तास तो हलणार नाही. मऊ दगडाचा तोटाही तिथेच दिसतो: खिळ्याने कोरलेली नावं. तिथे उभं राहून ती वाचताना खरंच वाईट वाटतं.

राणीमहालही नरनाळ्यावर, कमानींची इमारत. जवळपास मशीद, तलाव, तेल-तुपाचे हौद. नऊगजी तोफ कड्याच्या बाजूला पडलेली आहे.

गाविलगडाचं वाचन वेगळं. तो दोन भागांचा आहे, उत्तरेला बाहेरचा किल्ला आणि त्याच्या आत मुख्य किल्ला, मध्ये घळ. १८०३ मध्ये काय झालं ते माहीत असेल तर ही रचना पायाखाली उलगडते. अडगावच्या लढाईनंतर (२९ नोव्हेंबर १८०३) आर्थर वेलस्ली, पुढचा वेलिंग्टन, नागपूरकर भोसल्यांच्या या किल्ल्यावर आला. दक्षिणेकडून कडा आहे, तिथून फक्त हूल. खरा मारा उत्तरेकडून करायचा तर तोफा डोंगरातून वळसा घालून न्याव्या लागणार. कर्नल स्टीव्हन्सनची फौज एलिचपूरहून, म्हणजे आजच्या अचलपूरहून, ७ डिसेंबरला निघाली, ती रस्ता करत, तोफा हाताने ओढत १२ तारखेला उत्तरेला पोचली. १५ डिसेंबरला बाहेरचा तट फोडून इंग्रज आत आले आणि आतल्या तटाशी अडले, कारण तिथे भगदाडच नव्हतं. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह. बाहेरच्या किल्ल्यातून घळीत उतरताना मागे वळून दोन्ही तट बघा, मग ही अडचण नकाशाशिवाय समजते.

आजची पडझड सगळी तोफांची नाही. १८५८ मध्ये किल्ला तात्या टोप्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी तो निकामी केला.

---

बोरिवली_पूर्व

केवढी माहिती! डिसेंबर नक्की. नरनाळा आधी हेही पटलं. आता आईबद्दल विचारते. गाविलगडावर ती कुठपर्यंत येऊ शकेल? तिला हॉटेलवर ठेवून जायचं मनात नाही. आणि सोमवारी अचलपूर घ्यावं का, की चिखलदऱ्यातच पॉइंट बघत थांबावं?

---

पायरीपायरी

काकूंना नेता येईल, फक्त पूर्ण फेरीत नाही. गाविलगडावर गावातून गाडीने जवळपर्यंत जाता येतं. दरवाज्यांच्या टप्प्यात जुनी फरसबंदी आहे, दगड गुळगुळीत आणि वर-खाली झालेले. चढताना काही वाटत नाही, त्रास उतरताना. काठी एक नाही, दोन घ्या, आणि उतरताना काठीची उंची चार बोटं वाढवा. दोन्ही काठ्या आधी खालच्या दगडावर, मग दुखरा पाय, मग दुसरा. बुटाची नाडी उतरण्याआधी पुन्हा आवळा, नाहीतर पंजा पुढे सरकतो आणि भार गुडघ्यावर येतो.

दरवाजे आणि त्यावरची शिल्पं हा भाग काकूंनी सकाळी सावकाश दीड-दोन तासांत करावा. मग एक मोठं माणूस त्यांच्यासोबत परत फिरेल, दुसरं मुलाला घेऊन तलाव आणि पुढचे बुरूज करेल. पूर्ण फेरी पाच तासांच्या आत होत नाही. फोन लागेल असं गृहीत धरू नका, भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा. आत खुणा कमी आहेत आणि पाऊलवाटा गुरांच्याही असतात. चिखलदऱ्यातून माहितगार माणूस घ्या. स्थानिक कोरकू किंवा गवळी माणूस असेल तर उत्तम, पैसे आधी ठरवा.

जायच्या आधी अंदाज घ्यायचा असेल तर तुमच्या दारातच कान्हेरी आहे. नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं, म्हणून मंगळवार-बुधवारी सकाळी जा. वरच्या लेण्यांपर्यंतच्या कोरीव पायऱ्या काकूंनी दोन काठ्यांवर चढून-उतरून बघाव्यात. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही तर गाविलगडाचे दरवाजे जमतील. सुजला तर नरनाळ्यावर गाडीतून फिरवा आणि गाविलगडाला बाहेरच्या दरवाज्यापाशी सतरंजी टाका.

अचलपूर मात्र सोडलं तरी चालेल असं मला वाटतं. दोन किल्ल्यांनंतर घरचे दमलेले असतात.

---

दगडचुना

पायरीपायरी, इथे माझं मत वेगळं. काकूंसाठीच अचलपूर ठेवा. तिथला हौज कटोरा सपाटीवर आहे. जुन्या हौदाच्या मधोमध उभा अष्टकोनी, तीन मजली मनोरा, चहूबाजूंनी कमानी. डोंगरावर आपण लष्करी वास्तू बघतो, इथे मौजेसाठी बांधलेली बघायला मिळते, आणि एकही चढ नाही. तासाभराचं काम, तेही अमरावतीच्या वाटेवर. जुन्या एलिचपूरशिवाय हे दोन किल्ले अधांतरी राहतात. वऱ्हाडची राजधानी ही होती, किल्ले तिचे पहारेकरी.

आणि भिंतींबद्दल एक राहिलं. पिंपळ-उंबराचं मूळ तटात शिरलं की ते आधी चुना फोडतं आणि मग दगड स्वतःच धरून ठेवतं. बाहेरून भिंत भक्कम दिसते, प्रत्यक्षात दगड मुळांच्या जाळ्यात लटकलेले असतात. अशा तटाच्या माथ्यावर फोटोसाठी चढायचं नाही, आणि मुळ्या धरून तर कधीच नाही. कमानीचा कळीचा दगड सरकलेला किंवा त्याच्या दोन्ही बाजूंना उभी भेग दिसली तर खालून जाऊ नका. जमिनीवर ताजे चौकोनी खड्डे दिसतील, गुप्तधनाच्या नादाने खणलेले. मुलाला हात धरून त्यांच्या बाजूने न्या आणि दिसले तर पुरातत्त्व खात्याच्या माणसाला सांगा. पायाजवळ खणलं की पुढच्या पावसात तिथली भिंत बसते.

---

वऱ्हाडवाट

अचलपूरला माझंही अनुमोदन. वेळेचं गणित: सोमवारी चिखलदरा आठला सोडा, साडेनऊपर्यंत अचलपूर, साडेदहाला निघून अमरावती दुपारी बाराच्या आत. परतवाडा ते अमरावती ५० किमी, रस्ता सरळ. ट्रेन संध्याकाळची, म्हणजे जेवायला आणि पाठ टेकायला पुरेसा वेळ.

शनिवारी अंजनगाव सुर्जीवरून जाताना मुलाला सांगा की ३० डिसेंबर १८०३ चा शिंद्यांचा तह इथलाच. अडगाव, गाविलगड, देवगाव, अंजनगाव, सगळं एका महिन्यातलं. रस्त्याकडेला पानमळे आणि पानपिंपळीचे मांडव दिसतील, तेही दाखवा.

चिखलदऱ्यात रबडी आणि खवा गवळ्यांकडून घ्या, पण खवा सोमवारी सकाळी निघताना. शनिवारी घेतलेला मुंबईपर्यंत टिकत नाही. इथली कॉफीही घ्या.

---

बोरिवली_पूर्व

ठरलं. डिसेंबरचा दुसरा शुक्रवार, तिकीट ठाणे ते अकोला, परतीचं अमरावती ते ठाणे. येत्या बुधवारी आईला कान्हेरीला नेते, दोन काठ्या घेऊनच. रानफूल, गोचीड डिसेंबरातही असतात का? मुलाला हाफ पँट घालायची आहे.

---

रानफूल

कमी असतात, पण असतात. हाफ पँट नकोच, वाळलेलं गवत आणि करवंदाच्या जाळ्या पाय ओरबाडून काढतात. फुल पँट मोज्यात खोचा. रात्री खोलीवर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे बघा. चिकटलेला दिसला तर रॉकेल-तेल लावू नका, बारीक चिमट्याने कातडीला टेकून सरळ वर ओढा. चिमटा मुंबईहूनच पिशवीत टाका.